बाहेरची

घट बसून तिसरा दिवस होता. सकाळभर पाऊस झोडपून गेला होता. आमच्या बेळगावच्या शहापुरात पाऊस थांबला की दरवेळी तेच होतं: रस्त्याच्या कडेनं लाल पाणी वाहतं, गटारीच्या वासात ओल्या मातीचा वास मिसळतो आणि ताडपत्र्या झटकून बाजार पुन्हा उभा राहतो. एका बाईनं पोतं अंथरून त्यावर रताळ्यांचा ढीग मांडला होता. नुकती काढलेली रताळी, अंगावरची माती तशीच. मी उकिडवी बसून बारीक बारीक निवडायला लागले, कारण आईला उपासाला बारीकच लागतात, जाड रताळ्याला रेषा असतात म्हणते. मी एक बारीक टाकलं की ती बाई एक जाडं तागडीत सरकवायची. ही आमची लढाई दोन किलोंपर्यंत चालली. शेवटी पैसे देताना तिच्याकडे दहा रुपये सुटे निघेनात. मी म्हटलं, "असू दे मावशी, मी उद्या येते तेव्हा घेते."

तिनं मान वर केली. चप्पल, पिशवी, चष्मा, सगळं एकदा बघून घेतलं आणि सहज विचारलं, "बाहेरनं आलासा काय, अक्का?"

"छे हो. इथलीच मी. मागच्या गल्लीतली."

"व्हय?" ती म्हणाली. बाजारात गिऱ्हाईकाशी वाद घालायचा नसतो, तेवढ्यापुरतंच ते 'व्हय' होतं. मग पोत्याचं टोक नीट करत म्हणाली, "बोलणं तसं वाटलं न्हाई म्हून इचारलं."

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. खोच असती तर बरं झालं असतं, मनातल्या मनात दोन उत्तरं देऊन मोकळी झाले असते. चूक कुठं झाली ते मात्र गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत कळलं होतं. ती 'येते'मध्ये होती.

आमच्याकडे बायका 'येतो' म्हणतात. कोल्हापूर, चंदगड, निपाणी, बेळगाव, खानापूर या सगळ्या पट्ट्यात बाई स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो', 'मी जेवलो' म्हणते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. पहाटे उठून "मी उठलो गं, चहा टाकतो" असं सांगते तेव्हा माझा दिवस सुरू होतो. मीही अठराव्या वर्षापर्यंत अशीच बोलत होते. शाळेत व्याकरणाच्या तासाला 'मी जाते' लिहायचं आणि मधल्या सुट्टीत 'चल, मी जातो' म्हणून पळायचं. एक भाषा वहीतली, एक तोंडातली. दोघींचं भांडण नव्हतं, कारण दोघींची गाठच पडत नव्हती.

ती पडली पुण्यात. साल १९९३. हॉस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात मी बादली उचलून म्हटलं, "मी अंघोळीला जातो," आणि खोलीतल्या तिघी गादीवर आडव्या होऊन हसल्या. त्या वाईट नव्हत्या, पुढं त्यांतली एक तर जिवाभावाची मैत्रीण झाली. पण त्या दिवसापासून मजल्यावर माझं नाव 'जातो' पडलं. दुसरी गंमत 'खरं'ची. आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात. "मी आलो असतो, खरं बस चुकली" हे माझ्या दृष्टीनं साधं वाक्य होतं. त्यांना त्यातलं 'खरं' शपथेवर सांगितल्यासारखं वाटायचं. "अगं हो, चुकली असेल, आम्ही कुठं खोटं म्हणतोय?" असं विचारून पुन्हा हसायच्या. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे मेसमधल्या एका काकूंनी केलेलं कौतुक: "तुम्ही कर्नाटकातल्या ना? तरी मराठी किती छान बोलता!"

हे मी बाबांना कधी लिहिलं नाही.

बाबा दर वर्षी १ नोव्हेंबरला काळा सदरा घालून मूक सायकल फेरीत जायचे. १९५६ साली त्याच तारखेला बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं गेलं, त्याच्या निषेधाचा तेव्हापासून चालत आलेला तो काळा दिवस आमच्या घरी सणावारासारखा पाळला जायचा, फक्त गोडधोड नसायचं. ज्या मराठीसाठी हा माणूस वर्षातून एकदा तोंडाला काळी फीत बांधून सायकल चालवत होता, त्या मराठीच्या राजधानीत त्याच्या मुलीला परगावच्या पाहुणीसारखी शाबासकी मिळत होती, हे पत्रात कसं लिहिणार? त्यापेक्षा मी 'येतो' सोडून दिलं. ते एका दिवसात सुटलं नाही. सहा महिने लागले. बोलण्याआधी वाक्य मनात जुळवायचं, शेवटचं अक्षर तपासायचं, मग तोंड उघडायचं. 'पण' लवकर जमलं. 'ते' मात्र जिभेवर बसता बसेना. रागात, झोपेत, तापात 'तो' बाहेर यायचाच. पुढं नोकरी लागली, लग्न झालं, सत्तावीस वर्षं गेली आणि कधीतरी तो तापातही यायचा बंद झाला. त्याची नोंद मी ठेवली नाही. दोन वर्षांपूर्वी आईसाठी परत आले तेव्हा सामानाच्या बावीस खोक्यांत तो नव्हता, आणि नाही हेही रताळीवाल्या बाईनं दाखवेपर्यंत कळलं नव्हतं.

'बाहेरची' हा शब्द मला नवा नाही. उलट मराठीत त्याला इतके अर्थ आहेत की लहानपणी माझा गोंधळ उडायचा. आजी महिन्यातून चार दिवस मागच्या पडवीत बसायची नाही, तिचं वय उलटलं होतं. पण काकू बसायची. "काकू बाहेरची आहे, शिवू नको," असं सांगितलं जायचं. काकू तर घरातच होती, आमच्या घोंगड्यावर, आमच्याच तांब्यातून पाणी पीत. गल्लीतल्या एका मुलीला फिट यायच्या, तिला 'बाहेरचं' झालं होतं. तिच्यासाठी 'बाहेरचं बघणारा' एक माणूस अमावास्येला यायचा. 'बाहेरचं' खाल्लं की पोट बिघडायचं. एका दूरच्या मामांचं 'बाहेर काहीतरी' होतं, ते काय हे मात्र कुणी सांगायचं नाही. आणि मी स्वतः होते परक्याचं धन. माझे लाड करतानाच आजी हा शब्द वापरायची, केसांना तेल लावता लावता: "वाढतंय गं माझं परक्याचं धन." घरात जन्मलेलं पोर उंबऱ्याच्या आत असतानाच बाहेरचं ठरवायचं, आणि ते इतक्या मायेनं, की त्याला वर्षानुवर्षं कळूच नये!

पुढं एकदा शेजारच्या मास्तरांकडून कळलं की कानडीतही पाळी आलेल्या बाईला 'होरग' म्हणजे बाहेर झाली असंच म्हणतात. या बाबतीत तरी सीमावाद नाही. दोन्ही राज्यांचं एकमत आहे.

आजीचं स्वतःचं बाहेरचं असणं आणखी निराळं. ती बेळगाव शहरातली आणि सासर शहापूर. आज हे वाक्य कुणाला सांगितलं तर लोक म्हणतात, त्यात काय, चालत जाता येतं. येतंच. पण तेव्हा बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होतं आणि शहापूर सांगली संस्थानात. आजीची वरात अर्ध्या तासात एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत आली. तिच्या जावा तिला 'इंग्रजी मुलखातली' म्हणून टोमणे मारायच्या. मीठ जास्त पडलं तरी इंग्रजी मुलखाचा दोष. मग १९४८ साली संस्थान विलीन झालं आणि टोमण्यातला मुलूखच नाहीसा झाला. जावांना नवीन कारणं शोधावी लागली. त्यानंतर १९५६ मध्ये सगळेच म्हैसूर राज्यात गेले आणि १९७३ मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. या काळात आजी फक्त स्वयंपाकघरातून पडवीत आणि पडवीतून स्वयंपाकघरात गेली. संस्थानाची हद्द नेमकी कुठून जात होती ते आज गल्लीतल्या एकालाही सांगता येणार नाही. मी एकदा ती शोधायला निघाले होते. दोन मोबाइलची दुकानं, एक नाश्त्याची गाडी आणि कचऱ्याची कुंडी एवढंच सापडलं. ज्या हद्दीवरून आजीनं वीस वर्षं बोलणी खाल्ली, तिथं आता पाणीपुरीवाला उभा राहतो.

मास्तरांविषयी सांगायला हवं. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. मूळचे बैलहोंगल तालुक्यातले, कन्नड शाळेत शिकवून निवृत्त झालेले. त्यांची नात आजीला 'आयी' म्हणते. उत्तर कर्नाटकात आजीला आयीच म्हणतात, त्यामुळे ती पलीकडून "आयीSS" म्हणून ओरडली की आजही माझी आई इकडून "काय गं" म्हणून ओ देते. विजेचं बिल कन्नडमध्ये येतं, ते आम्ही भिंतीवरून त्यांच्याकडे देतो. ते मोठ्यानं वाचतात आणि शेवटी, "जास्त आलंय री ह्या वेळी," असं आपल्या पदरचं जोडतात. मला कन्नड बोलता येतं, वाचताना मात्र पहिलीतल्या पोरासारखं बोट ठेवावं लागतं. ज्या गावात जन्मले तिथल्या दुकानांच्या पाट्या मी अक्षर अक्षर लावत वाचते, हे मास्तरांना कळतं. ते त्यावर कधी बोलत नाहीत. हा त्यांचा मोठेपणा.

त्या संध्याकाळी मी त्यांना रताळीवाल्या बाईचा किस्सा सांगितला. ते कट्ट्यावर बसून शेंगा फोडत होते. हसले. मला ते तंगी म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण. म्हणाले, "तंगी, मी बंगळूरला ट्रेनिंगला गेलो होतो ना, तिथं काय झालं माहिती?" तिथल्या लोकांनी त्यांच्या कानडीवर हसून त्यांना जेरीला आणलं होतं. आमच्याकडचा कानडी माणूस 'आहे'ला 'ऐती' म्हणतो आणि समोरच्याला मान द्यायला प्रत्येक शब्दाला 'री' लावतो, तिकडं 'इदे' म्हणतात. मास्तर 'ऐत्री' म्हणाले की मागच्या बाकावरून कुणीतरी त्याची नक्कल करायचं. सिनेमात विनोदी नोकर असतो ना, त्याची ती भाषा म्हणे. एकानं तर विचारलं, तुम्ही बेळगावचे म्हणजे घरी मराठीच बोलत असणार. "आणि मी रे, मी! कर्नाटक राज्योत्सवाला शाळेत सगळ्यात पुढं झेंडा घेऊन चालणारा!" शेंगांची टरफलं झटकत मास्तर म्हणाले. मी पुण्यात 'जातो' होते आणि हे बंगळूरला 'ऐत्री' होते. आम्ही दोघं खूप हसलो. पलीकडून आईनं विचारलं, काय झालं एवढं. काय सांगणार?

क्रियापदाबद्दल मास्तरांचा आपला एक तर्क आहे. कानडीत 'मी' म्हणणाऱ्याला लिंग नसतं. 'नानु बरतेनि' हे बाईनं म्हटलं काय किंवा बुवानं म्हटलं काय, सारखंच. कानडीच्या शेजारी राहून तुमच्या बायकांनी तीच सवय मराठीत आणली, असं त्यांचं म्हणणं. बाबा होते तेव्हा हा तर्क ते उडवून लावायचे. "मग कोल्हापूरच्या बायका? त्यांच्या शेजारी कोण कानडी बसलंय?" यावर मास्तर म्हणायचे, कोल्हापूरला अंबाबाईपासून सगळं कानडीच होतं आधी. मग बाबांचा आवाज चढायचा, मास्तर बेंद्र्यांना बाहेर काढायचे. कानडीचा एवढा मोठा कवी, १९७३ चा ज्ञानपीठ मिळवणारा, धारवाडच्या घरात मराठी बोलायचा, हे ते अभिमानानं सांगायचे की बाबांना चिडवायला, हे मला कधीच ठरवता आलं नाही. बाबा उलट वार म्हणून कुमार गंधर्वांना आणायचे.

हा खेळ मला फार आवडायचा. कारण त्यात हरजीत होत नसे. मिरजेच्या गाडीत बसलं की बेळगाव सोडल्यावर थोड्याच वेळात सुळेभावी स्टेशन लागतं. गाडी थांबो न थांबो, बाबा खिडकीकडे बोट करायचे: "इथं जन्मले कुमार." १९२४ साली, कानडी लिंगायत घरात, शिवपुत्र कोमकली नावानं. लहान वयात मुंबईला देवधर मास्तरांकडे गेले. क्षय झाला म्हणून १९४८ मध्ये हवा बदलायला माळव्यात देवासला गेले आणि तिथलेच झाले. गाणं बंद होतं त्या वर्षांत आसपासच्या बायकांची माळवी गाणी ऐकत पडून राहिले, आणि उठल्यावर ती आपल्या गाण्यात घेऊन आले. त्यांचं निर्गुणी भजन लागलं की बाबा डोळे मिटायचे आणि भिंतीपलीकडे मास्तरांचा रेडिओ बंद व्हायचा. बाबा म्हणायचे मराठी रंगभूमीची गाणी त्यांनी काय गायलीत! मास्तर म्हणायचे, आमच्या मठाच्या स्वामींनी त्यांना ती पदवी दिली. देवासचा एखादा माणूस तिथं असता तर त्यानंही काहीतरी म्हटलं असतंच. मला मात्र राहून राहून वाटतं की माळव्यात पहिल्या वर्षी, आजारी, गाणं बंद, दारावरून जाणाऱ्या बायकांचे शब्द अर्धेच कळताहेत, तेव्हा त्या माणसाला नेमकं काय वाटत असेल. कान एवढा उघडा राहायला माणूस थोडा बाहेरचा असावा लागतो की काय कोण जाणे. माझं तसं झालं नाही हे खरं. पुण्यात बाहेरची होते तेव्हा मी कान नव्हे, तोंड सांभाळण्यात सगळी शक्ती घालवली.

कागदावरचं बाहेरचं असणं हे या सगळ्यापेक्षा सोपं, कारण तिथं निदान शिक्का असतो. पुण्यात एकदा अधिवासाचा प्रश्न आला. खिडकीपलीकडच्या माणसानं कागद परत सरकवत म्हटलं, "तुम्ही परराज्यातल्या. इथं नाही बसत." मी त्याला सांगून पाहिलं की महाराष्ट्रानं ८६५ गावांवर दावा केलाय, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात खटला चालू आहे, आणि आम्ही तुमचेच आहोत असं तुमचंच सरकार तिथं सांगतंय. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, निकाल लागला की या." आजही मला त्याच्यावर धड रागावता येत नाही, इतकं ते उत्तर चोख होतं. भाषणांत आम्ही 'सीमाबांधव' असतो. सीमाभगिनी कुठं ऐकलेलं नाही, ते एक असो. इकडं परत आल्यावर आईच्या कामासाठी एका कचेरीत गेले. तिथं पहिलाच प्रश्न: "कन्नड बरतैतेनु?" कन्नड येतं का? येतं, म्हटलं. मग अर्ज कन्नडमध्ये भरून आणा. बोट ठेवून वाचणाऱ्या बाईनं अर्ज कुठून भरावा? मी तशीच उभी राहिले. थोड्या वेळानं त्याच माणसानं इकडंतिकडं बघितलं, अर्ज ओढून घेतला आणि एक शब्द न बोलता स्वतःच भरला. सही कुठं करायची ते पेनाच्या टोकानं दाखवलं. मी "धन्यवाद" म्हणाले, कानडीत. त्यानं वर बघितलं नाही. दोन्ही खिडक्यांची बेरीज काय करायची ते मला अजून समजलेलं नाही.

लहानपणीचा १ नोव्हेंबर आठवतो. सकाळी बाबांच्या सदऱ्याला मी काळी फीत टाचायची. त्या दिवशी आमची गल्ली दबकून असायची. संध्याकाळी तिकडं चन्नम्मा सर्कलला राज्योत्सवाची मिरवणूक, लाल-पिवळे झेंडे, देखावे, रात्री उशिरापर्यंत वाजणारी गाणी. मास्तरांच्या घरी गोड व्हायचं, आणि मास्तरीणबाई मागच्या दारानं वाटीभर माझ्यासाठी पाठवायच्या. पुढच्या दारानं नाही. पुढच्या दाराशी बाबा बसलेले असायचे. मी ते मोरीजवळ उभी राहून खायची. बाबांना ठाऊक होतं, कारण एकदा ते हात धुवायला आले आणि वाटीकडे बघून म्हणाले, "तोंड पूस." मिरवणुकीतले दिवे मला बघायचे असायचे, हेही त्यांना ठाऊक असावं. ते मात्र कधी बोलले नाहीत.

आता जे लिहिते ते लिहायचं नव्हतं. पण रताळीवाल्या बाईनं मला बाहेरची म्हटलं म्हणून दोन दिवस तोंड पाडून बसलेल्या माझ्याच घरात मागच्या वर्षी काय झालं ते टाळलं तर हा सगळा लेख लबाडीचा होईल. माडीवरची खोली भाड्यानं द्यायची होती. खानापूर तालुक्यातलं एक जोडपं आलं, दोघंही शिक्षक, मराठी माध्यमात शिकवणारे. बाईंच्या तोंडात तोच 'येतो', अगदी आईसारखा. खोली त्यांना आवडली. खिडकीतून कपिलेश्वराच्या बाजूचा पूल दिसतो म्हणून ते गृहस्थ खूश झाले. आईनं चहा केला, गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "कळवतो." ते गेल्यावर माझ्याकडे न बघता: "आपल्यातले नव्हेत." मराठी, शिक्षक, भाडं वेळेवर देणारे, काळ्या दिवसाला बाबांच्या मागेपुढेच सायकल चालवणारे असतील, पण आपल्यातले नव्हेत. मी वाद घातला का? थोडा. आईचं वय, तिचा रक्तदाब अशी कारणं मला फार लवकर सापडली. खोली चार महिने रिकामी राहिली. "कळवतो" म्हटलेलं आम्ही कळवलं नाही. परवा बाजारात त्या बाई समोरून आल्या, ओळखीचं हसल्या आणि "बऱ्या आहासा?" म्हणून पुढं गेल्या. मी पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

रताळ्यांचे दहा रुपये आणायला उद्या जाते म्हटलं होतं, गेले पाचव्या दिवशी. मधे पाऊस होता हे निमित्त. आईनं रताळ्यांचा कीस केला होता. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, साबुदाणा, उपासाचं सगळं ताट समुद्रापलीकडून आलेलं आणि इथल्या मातीतल्या वांग्याला मात्र त्या दिवशी मज्जाव, असं मी तिला म्हटलं तर ती म्हणाली, "खा मुकाट्यानं." ते खाऊन बाजारात गेले. बाई त्याच जागी होती. आज रताळ्यांबरोबर कोथिंबीर आणि थोडी झेंडूची फुलंही होती, दसऱ्याच्या अगोदरची. मला बघितल्याबरोबर तिनं कमरेची पिशवी उघडली, आतल्या कप्प्यात वेगळी घडी करून ठेवलेली दहाची नोट काढली. "चार दिस सांभाळलो तुमचं. उद्या येतो म्हनलासा."

मी 'येते' म्हटलं होतं. तिनं आपल्या हिशेबानं दुरुस्त करून ठेवलं होतं.

समोर एक गिऱ्हाईक होतं, झेंडूची फुलं नगावर घेणारं. बाई फुलं मोजून टोपलीत टाकायला लागली, ओठातल्या ओठात: "ओंदु, यरडु, मूरु, नाकु, ऐदु…" पाचाला एकदा बोट दुमडायची आणि पुन्हा ओंदुपासून. मी बघत राहिले. हिशेब माणूस ज्या भाषेत करतो ती त्याची, असं बाबा म्हणायचे. गिऱ्हाईक गेल्यावर मी विचारलं, "मावशी, माहेर कुठलं तुमचं?"

"नेसरगी," ती म्हणाली. बैलहोंगलकडचं, सगळं कानडी गाव. सासर कडोली. कडोली म्हणजे जिथं मराठी साहित्य संमेलन भरतं ते गाव. "लगीन झालं तवा मराठी एक अक्षर येत न्हवतं बगा. सासू बोलायची, मी नुसता बघत बसायचो. मीठ मागितलं तर पीठ द्यायचो. हसायची सगळी." ती स्वतःच हसली, दात दाखवून, फुलांच्या देठांचा कचरा बाजूला सारत. "लई रडलो मी पयल्या वर्साला. मग आली आपोआप. आता नेसरगीला गेलो की माझा भाऊ म्हनतो, तू मराठी झालीस, आमच्यातली न्हाईस."

"आणि कडोलीत?"

"कडोलीत अजून 'नेसरगीची'च म्हनत्यात की. तीस वर्सं झाली." हे सांगताना तिच्या आवाजात काही बदल झाला असेल तर मला ओळखता आला नाही. तिनं एक कोथिंबिरीची जुडी उचलली, पाणी झटकलं आणि माझ्या पिशवीत टाकली. पैसे काढायला गेले तर हात हलवून नको म्हणाली. मागं उभी असलेली बाई घाई करत होती. झेंडूचा भाव विचारत होती, अस्सल पुणेरी मराठीत, आणि मला हसू आवरेना.

मी उठले, गुडघे धरून. आता म्हणावं, असं मनात आलं. सोपं आहे, दोन अक्षरं, अठरा वर्षं रोज म्हटलेली. वाक्य मनात जुळवलं, शेवटचं अक्षर तपासलं, हॉस्टेलमध्ये करायचे तस्सं. आणि तोंड उघडलं तर, "येते हं, मावशी."

"हां, होगि बर्री," ती झेंडू मोजता मोजता म्हणाली. जाऊन या.